लॉट नंबर नसलेले दगड

खरसुंडीच्या जत्रेत खोंड घ्यायला आलेला माणूस आधी खोंडाच्या तोंडात बघतो आणि मग मालकाच्या तोंडाकडे. डाव्या हाताने नाकाजवळ धरायचं, उजव्या अंगठ्याने खालचा ओठ खाली ओढायचा, क्षणभर बघायचं आणि सोडून द्यायचं. तेवढ्यात निकाल लागलेला असतो. सगळे दुधाचेच दात असले तर आदत. मधले दोन पडून पक्के आले असतील तर दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि पुढचे आठही पक्के झाले की जुळलेला. मालक 'अजून पोरगं हाय वो' म्हणून कितीही शपथा घेवो, दातांपुढे त्याचं काही चालत नाही.

मी चौथीत असताना काका मला या जत्रेला घेऊन गेले होते. त्यांना बैल घ्यायचा नव्हता. सांगलीच्या गावभागात तीन खोल्यांचं घर, हायस्कुलात भूगोल शिकवायची नोकरी, दारात फक्त सायकल. बैल बांधायचा कुठे? पण ते एका व्यापाऱ्याच्या शेजारी पोत्यावर बसले आणि दुपारभर तोंडं बघत राहिले. मला ऊन लागत होतं, उसाचा रस हवा होता. परत येताना एसटीत ते म्हणाले, "हा माणूस आठ दात बघून जनावराचं वय सांगतो. आमचे लोक एक दात बघून जनावर सांगतात."

'आमचे लोक' म्हणजे कोण, हे कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली. काकांनी भूविज्ञानात बीएस्सी केलं होतं आणि त्यांना खरं तर जीवाश्मांवर काम करायचं होतं. तेही डायनोसॉरवर नव्हे, सस्तन प्राण्यांवर. वडील लवकर गेले, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती, बीएड करून ते शाळेत लागले. जी माणसं ते काम खरोखर करत होती, त्यांतला एकही जण काकांना ओळखत नव्हता. तरी ते 'आमचे लोक' असंच म्हणायचे. विठ्ठल कुठे वारकऱ्याला नावानिशी ओळखतो?

दातांचं त्यांनी मला सांगितलेलं तेवढं अजून लक्षात आहे. शरीरात सगळ्यात कठीण काय, तर दातावरचं एनॅमल. हाडं कोल्हे पळवतात, पाणी झिजवतं, ऊन फोडतं. दात राहतो. शिवाय सस्तन प्राण्याचा वरचा दात खालच्या दातात कुलूप-किल्लीसारखा बसतो. त्यामुळे ज्याला जे खायचं त्याप्रमाणे दाताचा माथा घडलेला असतो, आणि म्हणून एका दातावरून कूळ सांगता येतं. गाई-म्हशीच्या दाढेवर उभ्या चंद्रकोरी दिसतात. डुकराच्या दाढेवर भिजवलेल्या हरभऱ्यांसारखे उंचवटे. गेंड्याची वरची दाढ माझी सगळ्यात लाडकी, कारण ती काकांनी फळ्यावर काढून दाखवली होती: वर एक शिरोरेषा आणि तिला लटकलेले दोन काने. अक्षर लिहायला घेतलं आणि मध्येच कुणी हाक मारली म्हणून सोडून दिलं, अशी.

हे सगळं त्यांच्याकडे नुसत्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. घराच्या मागच्या पडवीत एक फळी होती आणि तिच्यावर जबडे. म्हशीचा, शेळीचा, गाढवाचा, डुकराचा, एक कुत्र्याचा. खाटकाकडून आणायचे, गरम पाण्यात साफ करायचे, उन्हात वाळवायचे. काकी त्या फळीला पाठ करून भांडी घासायची. आपल्या बाजूने काका एकच दाखला द्यायचे आणि तो खरा होता. १८३० च्या दशकात सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख असलेला ह्यू फाल्कनर हा मूळचा डॉक्टर. शिवालिकच्या टेकड्यांत त्याला हाडंच हाडं सापडायला लागली. सोबत होता प्रॉबी कॉटली, ज्याने पुढे गंगेचा कालवा काढला. हाडं सापडली, पण ती कुणाची हे ताडून बघायला जवळपास ना संग्रहालय, ना ग्रंथालय. मग या लोकांनी आसपासचे जिवंत प्राणी मारून आणले, त्यांचे सांगाडे साफ करून मांडले आणि त्यांच्या शेजारी दगड झालेली हाडं ठेवून बघितली. शिंगं असलेला, जिराफाच्या भावकीतला अवाढव्य शिवाथेरियम त्यांनी असा ओळखला आणि जगाला सांगितला. १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना वोलॅस्टन पदक दिलं. "सहारनपुरात बसून!" काका म्हणायचे. यावर काकीचं उत्तर ठरलेलं असायचं, "त्या फाल्कनरची भांडी कोण घासत हुतं?"

काकांचं दुर्दैव वेगळंच होतं. ते चुकीच्या जिल्ह्यात जन्मले होते.

सांगली काय, सातारा काय, आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. लाव्हाच्या थरावर लाव्हाचा थर. महाबळेश्वरच्या कड्यांवर आडव्या पायऱ्या दिसतात ते हेच थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ही सगळी वीट रचली गेली, आणि तापलेल्या लाव्हात जनावराचं हाड काय टिकणार? आपल्याकडच्या खडकात पोकळ्या असतात आणि त्यांत सुंदर पांढरे, हिरवट स्फटिक मिळतात. विहीर खणणारे ते फोडून पोरांना खेळायला देतात. काकीच्या शोकेसमध्ये असा एक गड्डा अजून आहे. जीवाश्म मात्र नाहीत. दोन लाव्हांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ थर असतो, विहिरीच्या भिंतीत तो गेरूच्या पट्ट्यासारखा दिसतो. म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा यायच्या आधी मधे काळ गेला. काका त्या पट्ट्याकडे असे बघायचे, की दार लावून घेतलेल्या घराकडे बघावं. आत कुणीतरी राहत असणार.

आणि मग नस्कल आलं.

हैदराबादच्या पश्चिमेला नस्कल नावाचं गाव आहे. तिथे दोन लाव्हांच्या मध्ये तळ्याचा गाळ सापडला होता. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी त्या गाळातून सस्तन प्राण्याचे दात काढले आणि १९८८ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आणले. क्रिटेशस काळातला, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळातला, भारतात सापडलेला पहिला सस्तन प्राणी. नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. यातले हिस्लॉप म्हणजे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच, तिथले मिशनरी, स्वतः जीवाश्म गोळा करणारे. दात केवढा, तर तांदळाच्या कणीपेक्षा लहान. म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या मधल्या सुट्टीत चिचुंद्रीएवढं काहीतरी केसाळ, दूध पाजणारं फिरत होतं.

काकांना हे वर्षभराने कुठल्याशा मासिकातून कळलं आणि घराची शांतता गेली. असे बारीक दात काढायची रीत त्यात दिली होती. माती आधी कडकडीत वाळवायची. मग रॉकेलमध्ये भिजत घालायची. रॉकेल काढून घेऊन वर पाणी ओतलं की घट्ट चिकणमातीसुद्धा विरघळते. मग ती बारीक चाळणीतून धुवायची, वर राहिलेला चुरा वाळवायचा आणि भिंगाखाली एकेक कण बघायचा. आता १९८९-९० साली रॉकेल कुठून येतं, तर रेशनवरून, कार्डावर, रांगेत उभं राहून. ते काकांनी बादलीत ओतलं. चाळण म्हणून काकीची मैद्याची चाळण गेली. माती आणली होती ती खानापूरकडच्या एका विहिरीतल्या तांबड्या पट्ट्याची. मी तेव्हा सातवीत होते, माझे डोळे चांगले म्हणून चुरा निवडायचं काम माझ्याकडे. ओल्या ब्रशाच्या टोकाने एकेक कण बाजूला सारायचा. दोन महिने रविवारी आम्ही तेच केलं. तांबडे कण, काळे कण, मधूनच एखादी चमकणारी कणी. एकदा मी ओरडले, "काका, दात!" तो जिऱ्याचा दाणा निघाला. चाळणीचाच.

तळ्याचा गाळ वेगळा आणि ऊन-पावसाने लाव्हाची झालेली तांबडी माती वेगळी, हे काकांना ठाऊक नसणार असं मला वाटत नाही. बीएस्सी होते ते. पण माहीत असणं आणि बादली भरून बघणं यांत फरक आहे. (त्यांच्या पश्चात कोयनेच्या परिसरात पाडलेल्या खोल विवरांबद्दल मी वाचलं. भूकंप समजून घ्यायला केंद्र सरकारने ती पाडली, कराडला त्याची प्रयोगशाळाच आहे. तिथे काही ठिकाणी सव्वा किलोमीटर जाडीचा काळा पाषाण लागला आणि तो संपल्यावर थेट ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक. मधे गाळाचा थर नाही. काकांना हे सांगायला मिळालं असतं तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला असता.)

म्हणून मग गोकाक. काळ्या पाषाणात काही नाही तर नाही, त्याच्यावर नद्यांनी नंतर आणून टाकलेला गाळ तर आहे. रॉबर्ट ब्रूस फूट हे नाव हातकुऱ्हाडींमुळे लोकांना माहीत असतं, १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्यांनी अश्मयुगातलं हत्यार ओळखलं म्हणून. पण याच फूटनी बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ चिकदौलीच्या ओढ्यात गेंड्याची हाडं शोधली आणि १८७४ मध्ये त्याला 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस' नाव दिलं. दख्खनचा गेंडा! घटप्रभेच्या काठी, जिथे आज ऊस आहे तिथे. गोकाक आमच्यापासून एसटीने काही तासांवर, त्यामुळे सुट्टी लागली की काका तिकडे. येताना पिशवीत एका बाजूला करदंट मिठाई आणि दुसऱ्या बाजूला दगड. करदंट काकीसाठी, म्हणजे दगडांबद्दल काही बोलू नये म्हणून.

एकदा मीही गेले होते. ओढ्याच्या काठात काकांनी बोटभर लांबीचा मातकट तुकडा उचलला आणि माझ्यासमोर धरला. "जीभ लाव." मी लावली. तुकडा जिभेला चिकटला, नीट ओढून काढावा लागला. दगड चिकटत नाही, दगड झालेलं हाड चिकटतं, कारण त्याची बारीक छिद्रं ओलावा ओढून घेतात. मला वाटलं आता गेंडा मिळणार. काकांनी तो उलटसुलट केला, नखाने कड खरवडली आणि पिशवीत टाकत म्हणाले, "म्हैस. जुनी आहे, पण म्हैस." घरी आल्यावर मी हे जिभेचं काकीला सांगितलं. त्यानंतर मला गोकाकला पाठवलं नाही.

असं होता होता पत्र्याच्या सात पेट्या भरल्या.

---

आता मला ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे तो. रंगा राव.

डिसेंबर २००७ मधली गोष्ट. मी तोवर तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाला लागले होते, अजूनही तिथेच आहे. रविवारी गावभागात गेले, तर काकांनी वर्तमानपत्राचं कात्रण पुढ्यात टाकलं. मथळा असा काहीतरी होता, की देवमाशाचा पूर्वज हरणासारखा होता. काकांचा पहिला राग मथळ्यावर. "पूर्वज नव्हे. भावकी! हे म्हणजे तुझ्या चुलत चुलत्याला तुझा बाप म्हणण्यासारखं आहे."

मूळ गोष्ट अशी. ए. रंगा राव हे भारतीय भूवैज्ञानिक. जम्मूत राजौरी जिल्ह्यातलं काळाकोट म्हणजे डोंगराळ मुलूख. तिथल्या सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून त्यांनी दगड आणले. त्यांत काही दात मिळाले, जबड्याचे तुकडे मिळाले. त्यावरून १९७१ मध्ये त्यांनी एका नव्या प्राण्याला नाव दिलं, इंडोह्यूस. अर्थ साधारण 'भारतातलं डुक्कर'. एवढ्याशा दातांवरून डुकराच्या गोतातला दिसतोय, असं म्हणून ठेवलं. ते निबंध लिहीत होते, नवे प्राणी नोंदवत होते. पण आणलेल्या दगडांपैकी पुष्कळ फोडायचे राहिले. हे काम घाईचं नसतं. एका दगडातून एक कवटी सुटी करायला सुईच्या टोकाने महिनोन्महिने खरवडत बसावं लागतं. रंगा राव गेले तेव्हा ते दगड तसेच होते, बंद.

ते सांभाळले त्यांच्या पत्नीने. डॉ. फ्रीडलिंडे ओबरगफेल यांनी. त्या स्वतः या विषयातल्या, काळाकोटच्या प्राण्यांवर नवऱ्याबरोबर निबंधावर नाव असलेल्या. नवऱ्याच्या माघारी दगडांचा तो ढीग त्यांनी टाकला नाही, विकला नाही, कुणाच्या तरी गळ्यात मारला नाही. पुढे त्यांनी तो हान्स थेविसन यांच्या हाती सोपवला. थेविसन अमेरिकेत ओहायो राज्यात शरीररचनाशास्त्र शिकवायचे आणि देवमाशांच्या मुळाचा शोध घेत पाकिस्तान, कच्छ असे फिरलेले.

दगड खरवडायला सुरुवात झाली. कवट्या निघाल्या. आणि एक दिवस काम करणाऱ्या तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचा कानाकडचा भाग चुकून मोडला.

इथे काकांनी वाचायचं थांबवून काकीच्या देवघरातून कवडी आणली. यल्लम्माची, पिवळट, जुनी. "ही हातात घे. ही कड कशी आहे?" जाड. "आणि ही बाजू?" पातळ. कानाच्या मागे हाडाची एक पोकळ डबी असते. शेळीची घेतली तर सगळीकडून अंड्याच्या कवचासारखी पातळ. देवमाशाची मात्र कवडीसारखी असते, आतली कड जाडजूड आणि बाहेरची पातळ. जगातल्या प्रत्येक देवमाशाची, डॉल्फिनची, आणि जमिनीवर चार पायांनी चालणाऱ्या पाकिसेटस या आद्य देवमाशाचीसुद्धा, जो १९८१ मध्ये पाकिस्तानातल्या हाडांवरून जाहीर झाला. ज्याच्या कानात ही जाड कड, तो देवमाशांच्या घरातला, इतकी ती पक्की खूण होती. आणि डुकराच्या गोतातलं म्हणून नोंदलेल्या, मोठ्या मांजराएवढ्या, खुरांच्या त्या प्राण्याच्या मोडलेल्या कवटीत तीच जाड कड दिसली.

मग पायांची हाडं कापून बघितली. भिंती जाड, मधली मगजाची नळी बारीक, पाणघोड्याच्या हाडांसारखी. अशी जड हाडं पाण्यात तळाशी पाय टेकून चालायला उपयोगी. दातांतल्या ऑक्सिजनची रासायनिक तपासणी केली, तीही पाण्यात वावरणाऱ्या प्राण्याकडे बोट दाखवणारी निघाली. थेविसन, लिसा नोएल कूपर, मार्क क्लेमेंट्झ, सुनील बाजपेयी आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले बी. एन. तिवारी यांनी हे 'नेचर'मध्ये मांडलं. आफ्रिकेत एक पिसोरी (हरणासारखं चिमुकलं जनावर) आहे, ती जिवाला धोका वाटला की ओढ्यात बुडी मारून लपते. इंडोह्यूस तसंच काहीसं करत असावं, अशी त्यांची अटकळ. आपल्या चांदोलीच्या, कोयनेच्या रानातसुद्धा पिसोरी आहे, सशाएवढी, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. ती आणि समुद्रातला देवमासा यांच्यामधल्या वाटेवरचं एक गाव सापडलं होतं, आणि ते इतकी वर्षं एका दगडात बंद होतं.

काका कात्रण घडी करून म्हणाले, "बघ. बायकोनं दगड जपले म्हणून."

काकी आतून म्हणाली, "त्या बाईला घर मोठं असंल."

मला त्या दिवशी काका जरा दुखावल्यासारखे वाटले. काकीमुळे नव्हे. रंगा रावांना सगळं मिळालं होतं: शिक्षण, डोंगर, दगड, नाव ठेवायचा अधिकार. तरी त्यांच्या हातातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीचा अर्थ त्यांच्या हयातीत लागला नाही. तो लागला दुसऱ्याच्या हातून, तेही वस्तू मोडल्यामुळे. काकांसारख्या माणसाला यातून धीर यावा की धसका बसावा? त्यांनी कवडी देवघरात परत ठेवली आणि चहा मागितला.

---

काका २०१६ मध्ये गेले. पेट्या होत्या तिथेच राहिल्या, पडवीत, जमिनीवर.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आली. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागाला पुराची सवय आहे, लोक पातळी ऐकून काय उचलायचं ते ठरवतात. मी तासगावहून काकीला न्यायला आले तेव्हा पाणी गल्लीच्या तोंडाशी होतं. हाताशी दीड-दोन तास. टीव्ही माळ्यावर चढवला. मिक्सर, गादी, विम्याची कागदं, काकीच्या साड्यांची ट्रंक. पेट्यांकडे माझं लक्ष गेलं, नाही असं नाही. एक उचलून बघितली, हलेना. मी म्हटलं, दगडाला पाण्यानं काय होणार आहे?

हे वाक्य मी, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अठरा वर्षं काढलेली बाई, बोलले. आमच्याकडे हजारो पेट्या असतात. सगळ्या सारख्या दिसतात. प्रत्येकीवर लॉट नंबर असतो. त्यावरून कळतं की माल कुणाचा, कोणत्या शेडवरचा, कधी आला, सौद्यात नमुना कोणता काढला. तो नंबर फाटला, की पंधरा किलोची पेटी नुसती पंधरा किलोची पेटी होते. माल तोच असतो, पण त्याला बाजार नसतो. शेतकरी ओरडतो, अडत्या ओरडतो, आणि ते बरोबर असतात.

पाणी ओसरल्यावर आम्ही दार ढकललं. चिखल गुडघ्याला लागत होता. पडवीतल्या पेट्या गंजून, झाकणं उघडून तिरक्या झाल्या होत्या. दगडांना खरंच काही झालं नव्हतं. झालं होतं चिठ्ठ्यांना. प्रत्येक दगडाला काकांनी कागदात गुंडाळून आत चिठ्ठी ठेवली होती: जागा, काठ, किती फूट खाली, तारीख. त्या सगळ्यांचा राखाडी लगदा झाला होता. हातात घेतला की बोटांमधून गळायचा. कुठे कुठे निळ्या शाईचा डाग तेवढा दिसायचा.

कुठून आला हे माहीत नसलेलं हाड कुणाच्याच कामाचं नसतं. कुठल्या थरातलं ते कळलं तर काळ कळतो, शेजारी काय होतं ते कळतं. नाहीतर ते म्हैस असो की गेंडा, नुसतं वजन. रंगा रावांचे दगड कित्येक वर्षं बंद राहूनही बोलले, कारण ते काळाकोटचे आहेत हे कुणी पुसलं नव्हतं. माझ्या हातून तेवढंच पुसलं गेलं.

मी पडवीत बसून रडले. काकी आत गेली, माळ्याच्या शिडीवर चढली (वय बहात्तर, सांगून ऐकत नाही) आणि साड्यांची ट्रंक उघडून तळातून बिस्किटाचा चौकोनी डबा काढून आणला. आत काकांची वही, लांब, जाड पुठ्ठ्याची, हिशेबाची असते तशी. आणि कवडी.

"ही कधी ठेवलीस?"

"तू टीव्ही चढवत हुतीस तवा. ह्यांचं त्यातच तर सगळं हाय. दगड काय, कुठंबी मिळत्यात."

वही बघितल्यावर कळलं, की काका सुरुवातीला रीतीने वागत होते. मोठ्या संग्रहालयांत करतात तसं दगडावरच पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा, वाळला की त्यावर काळ्या शाईने नंबर घालायचा आणि वर पारदर्शक वार्निशचा हात मारायचा. नंबर दगडावर, माहिती वहीत. मग कधीतरी कंटाळा आला असेल, किंवा वार्निश संपलं असेल, आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. सात पेट्यांतले दोनशे अकरा तुकडे मी पाइपच्या पाण्याखाली धुतले. एकतीस तुकड्यांवर पांढरा ठिपका निघाला. त्यांतल्या सव्वीसांचा नंबर वाचता आला.

ते सव्वीस मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चढवले आहेत, बेदाण्याच्या लॉटसारखेच, रकाने तेच. आवक तारीख, ठिकाण, नग, शेरा. शेऱ्यात काकांचे शब्द जसेच्या तसे. 'म्हैस.' 'म्हैस, जुनी.' 'शिंपले, टाकून द्यावेत.' 'घोडा वाटतो, नाही.' 'काकीने फोडला.'

सतरा नंबरवर मात्र मी अडकले. ठिकाण: चिकदौली, ओढ्याचा डावा काठ, गोट्यांच्या थरात, वरून नऊ फूट. मे १९९३. तुकडा माझ्या अंगठ्याएवढा, काळपट तपकिरी, एका बाजूला तुटलेला. धुतल्यावर माथ्यावर एनॅमलची चकाकी दिसली. एक आडवी रेघ, शिरोरेषेसारखी. आणि तिला लटकलेला एक काना. दुसरा असलाच तर तुटलेल्या भागाबरोबर गेलेला. शेऱ्यात लिहिलंय, 'गेंडा?' आणि पुढे, वेगळ्या पेनाने, 'कोणाला तरी दाखवणे.'

तेवीस वर्षं हा माणूस हे घेऊन बसला होता. पुणे काय लांब आहे? पहाटेच्या गाडीने निघालं तर दुपारपर्यंत पुरातत्त्व शिकवणाऱ्या डेक्कन कॉलेजच्या दारात. त्यांनी रॉकेलची रांग लावली, खाटकाशी मैत्री केली, खरसुंडीच्या उन्हात दुपारभर बसले, पण या एका तुकड्याची पिशवी उचलून गाडीत बसले नाहीत. कारण मला माहीत आहे असं वाटतं. समोरच्या माणसाने तो उलटसुलट करून, नखाने कड खरवडून, 'म्हैस' म्हटलं असतं तर?

फुटलेली कड मी भिंगाखाली धरून बघते. म्हशीच्या दाढेची चंद्रकोर अर्धी तुटली तर ती काय दिसेल? काकांची फळी पुरात गेली, त्यामुळे मी तासगावच्या खाटकाकडून म्हशीचा जबडा आणला. गरम पाण्यात साफ केला, गच्चीवर वाळवला. शेजारी ठेवून बघते आहे. मला नाही वाटत म्हैस. पण मला काय कळतं, मी बेदाण्याची माणूस.

गेल्या आठवड्यात सौद्याच्या नमुन्याची प्लास्टिकची पिशवी घेतली, तुकडा कापसात गुंडाळून आत घातला, वहीतलं पान झेरॉक्स करून दुसऱ्या पिशवीत घातलं आणि दोन्हींवर १७ नंबर टाकला. सोमवारी रजा टाकली आहे. काकीला सांगितलं, पुण्याला जाऊन येते, काकांचा दगड दाखवायला.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठेवून घेतला तर पावती घे."